उजवी बाजू

अश्वजितनं वाकून जीपखाली पाहिलं. उभा राहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाकला.

"काकाजी, तुमी गाडी चालवता का लंगडी खेळता?"

पुनाजी हसला नाही. सेलूच्या बाहेर, रस्त्याला लागून हे टायरचं दुकान. वरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. जीपमध्ये डाव्या सीटवर त्याची बायको रुखमा बसली होती, पदर तोंडापुढे धरून. मांडीवर पुड्या होत्या. पेढे, केळी, जिलबी. दवाखान्यातून निघाल्यापासून वाटेत जे दिसलं ते पुनाजी घेत आला होता. तिनं एकाही पुडीला हात लावला नव्हता.

"उजवीकडचे दोनी टायर गोटा झाले," अश्वजित म्हणाला. "कडा कापल्या. अन् डावीकडचे पाहा, नक्षी जशीच्या तशी. स्टेअरिंग तं सरळ हाय. मंग असं काऊन?"

"रोड खराब हाय."

"रोड काय अर्धाच खराब हाय?"

पुनाजी टॉवेलनं मान पुसत राहिला. जीपमधून बारीक आवाज आला.

"मले वाटे, सरकारनं माह्या बाजूचा रोड नवा केला."

अश्वजित हसायला लागला. हसता हसता त्यानं आधी डावं चाक पाहिलं, मग तिला पाहिलं, मग उजवं चाक. आणि पाना शोधायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा तो कामाचंच बोलला. "काकूंले उतरवा. जॅक लावतो."

"बसू दे. हळू उचल."

"गाडी तिरपी होईन ना, काकाजी."

"हळू उचल म्हनलं ना."

जीप हळूहळू वर आली. रुखमानं एका हातानं दांडी धरली, दुसऱ्या हातानं पुड्या.

"दोनच टाका ना," ती म्हणाली. "उजवीकडचे. डावे चांगले हायेत म्हनता."

"नाई जमत, काकू. साधी गाडी असती तं चालवून घेतलं असतं. हे फोर बाय फोर हाय. चारी चाकं एका मापाचे पाह्यजे. एक बाजू घासली, एक बाजू ताजी, अन् नाल्यात चारी चाकांचा लिव्हर टाकला की आतल्या गिअरचे दाते एकमेकाले खातेत." त्यानं नवा टायर रिंगवर चढवला. "म्हनून तं काकाजीनं चारी मागवले. आता बिनघोर राहा. नाला कितीबी भरू द्या, काकू झोपल्या झोपल्या दवाखान्यात पोचतीन."

नाला त्यांच्या गावाच्या तोंडाशीच होता, आणि दवाखाना नाल्याच्या या बाजूला. पावसाळ्यातल्या त्या नाल्यासाठीच पुनाजीनं हे टायर आधीच सांगून ठेवले होते. आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं त्याला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन तो रुखमाला म्हणाला होता, "पोळा झाल्यावर परत याले सांगतलं." आणि तसाच सरळ फाटकासमोरच्या पेढ्यांच्या दुकानात शिरला होता.

आता रुखमा गोंडीत बोलली. घरची बोली, अश्वजितला कळू नये म्हणून.

"यंदा नाल्यातून कोणाला न्यायचं आहे?"

पुनाजी चाकाकडे पाहत राहिला.

"तुमच्या भावाच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते? घरी न्या, आवडतं ते खाऊ घाला. तेव्हाही तुम्ही जिलबीच घेतली होती." ती श्वास गोळा करून म्हणाली, "मला तर जिलबी आवडतही नाही."

"मग काय आवडतं?" त्यानंही गोंडीतच विचारलं. घाईनं विचारलं, जणू तेवढं कळलं तर काही करता येईल.

रुखमानं बराच विचार केला. तिला काही आठवेना.

"काकाजी, डावे जुने इथंच ठेवू का?" अश्वजितनं विचारलं. "कोनाच्या बैलबंडीले होतीन."

"ठेव."

जॅक खाली आला. जीप चारी चाकांवर सारखी उभी राहिली. नव्या रबराचा वास उन्हात चढला. अश्वजितनं हाताला लागलेलं काळं पुसलं आणि रुखमाला वाकून म्हणाला, "काकू, येजा बरं. पानी लागल्यावर एक चक्कर मारा, हवा चेक करून देतो."

"येतो ना," रुखमा म्हणाली.

सेलू मागे पडलं. बोरच्या जंगलाकडचा रस्ता सुरू झाला, आणि डांबर तुटायला लागलं. पुनाजीनं गिअर खाली आणला.

"आता मधातून चालवा," ती म्हणाली. "नवे हायेत. चारी सारखे घासू द्या."

"हो."

"नाई तं माह्या मांगं तुमाले कोनी बी इचारीन, लंगडी खेळता का म्हनून."

"हो म्हनलं ना."

पुढे मोठा खड्डा होता, अर्धा रस्ता खाऊन बसलेला. पुनाजीनं स्टेअरिंग थोडं वळवलं. उजवं चाक धाडकन आत गेलं. त्याचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं.

रुखमाच्या मांडीवरची जिलबीची पुडी हललीसुद्धा नाही.