दुसरी जीप

पाहुणे यायला अर्धा तास उरला होता आणि सासूबाई बाथरूमचं दार लावून बसल्या होत्या.

"आई, कॅन्सल करू का?" हिमानीनं दारावर टकटक केली. "यतीनला फोन करते. स्नो वाढलाय, नंतर कधीतरी या म्हणते."

आत नुसता नळ चालू.

झालंय तरी काय, हिमानीला कळेना. नेपरव्हिलच्या मराठी मंडळात यतीन भेटला, बोलता बोलता निघालं की भारतातून आलेली त्याची मृणालिनीकाकू एके काळी हिच्या सासूबाईंची शेजारीण होती. दोघींचे नवरे हवाई दलात, एकाच तळावर, लढाऊ विमानांवर. पस्तीस-छत्तीस वर्षांत भेट नाही. आई किती खूश होतील, असं हिमानीला वाटलं होतं. कसलं काय! नाव ऐकल्यापासून त्या धड जेवल्या नव्हत्या.

दार उघडलं. सुजाताबाईंनी तोंड धुतलं होतं, पण डोळे लाल होते.

"येऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "आणखी किती तोंड लपवू?"

"अहो, पण असं केलंत काय तुम्ही?"

सुजाताबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"पासष्टचं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. युद्धातनं दोघंही धडधाकट परत आले, म्हणून आम्ही निर्धास्त. सरावाची उड्डाणं काय, रोजचीच. त्या दिवशी एक विमान उतरताना टायर फुटला. धावपट्टी सोडून बाजूला गेलं, उलटलं आणि पेटलं. ओळखण्यासारखं काही उरलं नाही. असं झालं की आमच्या क्वार्टर्समध्ये जीप यायची. सगळ्या बायका आपापल्या दारात. कुणाकडे थांबते ते बघायचं. ती माझ्या दाराशी थांबली."

हिमानीनं त्यांचा हात धरला.

"हे गेले, राजाराम गेला, म्हणून सांगितलं. पण निघताना ह्यांनी आणि एकनाथभाऊजींनी, मृणालच्या नवऱ्यानं, विमानं बदलली होती. उड्डाणांच्या फळ्यावरची नावं बदलायची राहून गेली. धावपट्टी अडली म्हणून बाकीचे दुसऱ्या तळावर उतरले, त्यांत हे होते. फोन लागून ते कळेपर्यंत तासभर गेला. तासभर मृणाल मला कुशीत घेऊन बसली होती. आणि मग दुसरी जीप आली."

"बापरे."

"चूक झाली म्हणाले. राजाराम सुखरूप आहे, एकनाथ गेला. तोवर मी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. दगडासारखी बसले होते. आणि ते ऐकलं मात्र, तिच्या तोंडावर धाय मोकलून रडले गं! तिचा नवरा गेला, आणि सगळ्या बायका मला सावरत होत्या. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"आई, ते सुटकेचं रडू होतं. कुणालाही आलं असतं."

"सगळे तेच म्हणाले."

हिमानीला आठवलं, दोन वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा ह्याच बाईनं स्वतः न रडता अख्ख्या घराला धीर दिला होता. एवढी खंबीर बाई, आणि एका रडण्याचं ओझं घेऊन जन्मभर फिरतेय.

बेल वाजली. दारात एक ठेंगणी म्हातारी, अंगात पुतण्याचं ढगळ जॅकेट, खांद्यांवर बर्फ. यतीन गाडीतूनच हात करून गेला.

"अगं बाई, केवढी म्हातारी झालीस तू!" मृणालिनीबाई म्हणाल्या.

"आणि तू काय कोवळी राहिलीस?"

दोघी हसल्या. हिमानीचा जीव भांड्यात पडला. तिनं चहा केला, चकल्या ठेवल्या आणि मुलीला शाळेतून आणायला गेली. दोघींना एकटं बोलू द्यावं, असंही तिला वाटलं.

गाडीचा आवाज लांब गेला. सुजाताबाईंनी हात जोडले.

"मृणाल, मला माफ कर. त्या दिवशी मी तुझ्यासमोर…"

"त्यासाठीच आलेय."



मृणालिनीबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "चार महिन्यांचा संसार माझा. मूल नाही, बाळ नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांच्याशी बोलायचे ह्यांच्याबद्दल. त्या गेल्या, दीर गेले. यतीनच्या लेखी तर हे नुसता भिंतीवरचा फोटो. आता मलाच ह्यांचा आवाज आठवत नाही, सुजाता. कधीकधी वाटतं, असा माणूस होता तरी का, की मीच मनानं रचला?"

"मी तसं रडायला नको होतं गं. माझे वाचले आणि तुझे…"

"पुरे." मृणालिनीबाईंनी आवाज चढवला नाही. "तासभर मी धरून बसले होते तुला. राजारामभाऊजी गेले म्हणाले, तेव्हा तुझा हातसुद्धा थरथरला नाही. ह्यांचं नाव घेतलं, तशी तू माझ्याआधी कोसळलीस."

सुजाताबाईंनी मान खाली घातली.

"पुष्कळ वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली मी. आता नाही मोडत." मृणालिनीबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सुजाताबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "माझ्याखेरीज त्यांच्यावर जीव टाकलेलं माणूस जगात दुसरं कोण उरलंय गं? सांग ना मला, कसे होते ते?"