पहाऱ्यातली झोप

"अहो साहेब! झोपलात की काय?"

आवाज मोजायला आलेला माणूस खडबडून जागा झाला. समोरच्या तिपाईवर त्याचं यंत्र चालू होतं, आकडे खाली-वर होत होते. खालच्या कारखान्यात पत्र्यावर हातोडे पडत होते, मध्येच कापायचं मशीन किंचाळत होतं आणि त्या हादऱ्याने कपाटातले पेले किणकिणत होते. त्याने हनुवटीवरची लाळ मनगटाने पुसली. कित्येक महिन्यांत त्याला अशी झोप लागली नव्हती.

चहाचा कप घेऊन तक्रारदार बाई उभी होती. रात्रपाळीची नर्स. तिने दिवसा झोपायचं म्हणून हे घर घेतलं, तर खाली पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना निघाला. तिचे डोळे सुजलेले होते. आता ही रडते की कप फेकते, याचा त्याला अंदाज येईना.

"वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे तुमच्या कचेरीने माणूस पाठवला. तो इथे येऊन घोरतोय! आता काय लिहिणार? आवाज नाही, अंगाई आहे?"

"तसं नाही हो, सिस्टर." त्याने यंत्र तिच्याकडे वळवलं. "हे बघा. मर्यादेच्या कितीतरी वर आहे. मी झोपलो म्हणून आकडा काही कमी होत नाही. तुमची सही झाली की यांना गाशा गुंडाळावा लागेल."

नर्स मटकन खुर्चीत बसली. त्याच्यासाठी आणलेला चहा स्वतःच पिऊ लागली.

"मग तुम्हाला झोप लागली कशी?"

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. पलीकडचं बोलणं इतकं हळू होतं, की फोन कानात खुपसूनही त्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"बायको," फोन ठेवत तो म्हणाला. "मला झोप येत नाही हे कळल्यापासून भर दुपारीसुद्धा कुजबुजते. आईने भांड्यांखाली फडकी घातलीत. भिंतीवरचं घड्याळ उतरवलंय. मुलगी एवढीशी, तीसुद्धा तोंडावर बोट ठेवून फिरते. रात्री मी कूस बदलली की तिघी श्वास रोखतात. त्या माझी चाहूल घेत असतात, मी त्यांची."

"नशीबवान आहात. मला कुत्रं विचारत नाही."

"इथे खालच्यांचंही तसंच. मी झोपलो काय, जागा राहिलो काय, त्यांचे हातोडे चालूच. तुम्हाला कुठेच लागत नाही का झोप?"

"लागते की. ड्यूटीवर. पहाटे टेबलावर डोकं टेकलं, की पाच मिनिटं ठार. बाजूला मशीनचं पीं-पीं चालू असतं, कोणी कण्हत असतं..." तिने कप खाली ठेवला. "ते वेगळं."

"हो. ते वेगळं."

खालून कोणीतरी हाक दिली आणि हातोडे थांबले. कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली होती. पेले गप्प झाले. यंत्रावरचा आकडा भराभर उतरला. इतकं शांत झालं, की नर्सने आवंढा गिळलेला त्याला ऐकू आला. त्याच्या डोळ्यांवरची उरलीसुरली पेंगही उडाली.

काम म्हणजे काम. त्याने कागद पुढे सरकवला, पेन दिलं.

"इथे सही करा."

तिने पेनाचं टोपण काढलं. आतल्या खोलीत पलंग तयार होता, पडदे ओढलेले होते. तिकडे ती बराच वेळ बघत राहिली. पेन कागदावर टेकलं नाही.

"सुरू होऊ दे परत," ती म्हणाली. "मग करते."

त्याने घाई केली नाही. दोघं फरशीकडे बघत बसून राहिले.