चाकाखालचं मऊ

बहिणीला रविवारी शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून मेकॅनिक भावाने तिच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग जीव ओतून सुधारलं. सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश काढून नवे, कडक बसवले, अलाइनमेंट केलं. आता रस्त्यावरचा खडासुद्धा हाताला कळत होता.

फेरी मारून ती परतली ती तोंड वाकडं करूनच. "दादा, सपाट रस्त्यावरही चाकाखाली काहीतरी मऊ चिरडतंय. शिसारी येते."

"मनाचे खेळ," म्हणत तो स्वतः बसला. पहिल्याच वळणावर त्याच्या तळहातांनाही ते जाणवलं. अनवाणी पायाखाली सडकं फळ यावं, तसं. त्याने करकचून ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर टायर कोरडे, स्वच्छ.

गॅरेजमध्ये त्याने गाडी जॅकवर चढवली आणि पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली. "आता धर बघू."

बहिणीने नाक मुरडत स्टिअरिंग धरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिने झटकन हात मागे घेतले आणि ते कपड्यांना खसाखसा पुसू लागली.

"अजून चिरडतंय?" भावाने विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आता ते चाटतंय."