दहावा

इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोल्हापुरात दर शनवारी नऊच जमायचे, आणि एलिजा दारात चपलांशेजारी बसलेला असायचा. "तू काळा इस्राएल, तुझी आज्जी परजातीची," दाऊदराव किहीमकर म्हणायचे. "तुला मोजता यायचं नाही." मग सगळे प्रार्थनेवाचून घरी जायचे, धर्म तेवढा शाबूत राहायचा.

एक्कावन्न साली दाऊदराव कायमचे म्हणून इस्राएलला गेले आणि वर्षभरात परत आले.

"तिकडं दहाव्याची ददात नसंल की," एलिजा दारातूनच म्हणाला.

"एकदा नऊच होते. मी आत गेलो, तर म्हणाले, हा काळा आहे, दहावा येऊ द्या."

 

एलिजानं चपला सरकवून त्यांना जागा केली. "बसा. तुमची आज्जी कुठली म्हणायची?"