देव्हाऱ्यातला रुपया

आप्पांनी घरातले सगळे हाली रुपये थैलीत भरले आणि शेवटी देव्हाऱ्यातल्या रुपयाकडे हात नेला.

"तो नको," द्वारका म्हणाली.

"निजामाचं राज्य गेलं, आता त्याचं नाणंही चाललं. साऱ्या देशात एकच रुपया होणार. आज बदलला नाही, तर उद्यापासून ती नुसती चकती."

"त्यांचा आहे तो, आप्पा. आपण कसा बदलायचा?"

पाच वर्षांपूर्वी सुपारी फुटली, तेव्हा परतूरच्या मंडळींनी नारळाबरोबर तो तिच्या ओटीत घातला होता. महिन्याभरात नवरामुलगा रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला, तो गेलाच. रुपया परत करणं म्हणजे लग्न मोडणं, म्हणून घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. द्वारका तेवढी रोज त्याला हळदकुंकू लावायची.

आप्पांनी हात मागं घेतला. "परत करायला गेलो होतो मी, दोन वर्षांमागं. तू आजोळी होतीस. तो लढाईत पडल्याचं कळलं, तेव्हा."

"मग?"

"त्याच्या आईनं घेतला नाही. म्हणाली, पोरीला इतक्यात सांगू नका. एक तरी घर अजून त्याची वाट बघतंय, एवढं मला राहू द्या."

द्वारकेनं रुपया उचलून पदरानं पुसला, रोजच्यासारखं हळदकुंकू लावलं आणि होता तिथंच ठेवला.

"कचेरी बंद होईल, आप्पा," ती म्हणाली. "निघा तुम्ही."