गिटारचा तास

सहावीच्या मुलांनी तिसऱ्याच तासाला गिटारी खाली ठेवल्या. "बाई, बोटं दुखतात आणि गाणं येतच नाही!" केतकीबाईंनी निवडलेल्या सोप्या गाण्यांतही पाच-पाच कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटांच्या पाच वेगवेगळ्या पकडी होत्या. मुलं कंटाळली, तर हा तास गणिताला जाईल, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

तेवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातून तांदूळ निवडणाऱ्या शेवंतामावशींचं गाणं ऐकू आलं. बाईंनी गिटारवर साथ धरून पाहिली. सगळं गाणं दोनच कॉर्डमध्ये बसत होतं! त्या धावतच गेल्या. "मावशी, वर्गात येऊन गाता का?"

"अगं बाई, मी?" म्हणत मावशी हात पुसत आल्या.

मावशी गाऊ लागल्या आणि मुलं चुकतमाकत वाजवू लागली. घंटा झाली, तरी कुणी उठेना.

दारातून मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, खिचडीला उशीर झाला तरी चालेल. अजून एक कडवं होऊ दे."