खाजगी

कॉम्प्युटर सुरू झाला आणि रूपाच्या लक्षात आलं, 'रद्दी' नावाचा फोल्डर जागेवर नाही.

नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत बसून ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायची. चुकलेल्या, मोडलेल्या लग्नांच्या पत्रिका 'रद्दी'त पडायच्या. त्यांच्याच तळाशी, एका जुन्या पत्रिकेचं नाव देऊन, तिने लेकीचा फोटो दडवला होता. दवाखान्यात काढलेला, एकुलता एक. लेक घरी आलीच नाही. गेलेल्या लेकराचा फोटो घरात नको, म्हणून सासूबाईंनी तो बंबात घातला, तेव्हा रूपाचा नवरा कमळाकर बाजूला मुकाट उभा होता. त्याआधीच तिने गावातल्या स्टुडिओतून तो कॉम्प्युटरवर उतरवून आणला होता. याचा घरात कुणाला पत्ता नव्हता.

कुणी शोधायला बसलंच तर फसावं म्हणून पडद्यावर अगदी डोळ्यांसमोर तिने आणखी एक फोल्डर ठेवला होता, 'खाजगी'. त्यात नुसत्या पाककृती आणि उखाणे.

तळोज्याच्या कारखान्यातली पाळी करून आलेला कमळाकर चहा पीत होता. कॉम्प्युटरला हात लावलात का, तिने विचारलं.

"काल तू बाजारात गेलीस तेव्हा. मशीन फार रखडतंय म्हणत होतीस ना? सगळी रद्दी साफ केली. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली."

कारखान्यातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडून खास शिकून आला होता बिचारा. तरी रूपाने टोपली उघडून पाहिली. रिकामीच होती. आता रडू येईल म्हणून ती थांबली, पण आलं नाही. काहीच आलं नाही.

कमळाकरने कप खाली ठेवला. आई आत आहे ना हे पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "तुझं ते 'खाजगी' उघडलं नाही मी. आईलाही बजावलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही." मग म्हणाला, "पोरीचं काही असेल त्यात, असं वाटलं."

रूपाने 'खाजगी' उघडलं. कमळाकर लगेच उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आहे ना सगळं?" त्याने तिकडूनच विचारलं.

समोर पहिलं नाव होतं नारळाच्या वड्यांचं.

"आहे," ती म्हणाली.